पाठवणीच्या पुढची कॅसेट

माझी आत्या एकदा टीव्हीवर दिसली होती. ही गोष्ट तिच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी सांगेन.

तिचं सासर वाईजवळ, कृष्णेच्या काठावर. तिथले दगडी घाट सिनेमावाल्यांना फार आवडतात. आता तर गाड्या आल्या, लाइटी लागल्या तरी गावातली माणसं मान वर करत नाहीत. पण आत्या तिशीत होती तेव्हा ते नवं होतं. त्या काळी एक विनोदी मालिका लागायची. शहरात खाणावळ चालवणारं नवरा-बायकोचं जोडपं, ठरलेले चार-पाच जेवणारे, आणि दर आठवड्याला काहीतरी घोटाळा. एका भागात खाणावळीतला आचारी न सांगता गावाला पळून जातो आणि मालक त्याला शोधायला निघतो. त्या आचाऱ्याचं गाव म्हणून आत्याचं गाव धरलं होतं.

घाटावर चार बायका धुणं धुताना हव्या होत्या आणि एक डोक्यावर हंडा घेऊन उभी. हंड्यासाठी आत्याला उभं केलं. बोलायचं कुणीच नव्हतं. मालक येणार, आचाऱ्याच्या घराची वाट विचारणार, बायका पदराआड हसणार आणि तो तसाच पुढं जाणार, एवढंच.

"पर त्यो माणूस आसा काय आला," आत्या सांगायची, "की त्याचं नाटक हाय हेच मी इसारले. घामानं भिजल्याला, बूट चावत्याला, व्हट सुकल्यालं. म्हनला, ताई, वाट सांगता का. माझ्या तोंडातनं निघून गेलं, आवं, आधी पानी प्या, मग वाट इचारा. तानलेल्या माणसाला सांगितल्याली वाट ध्येनात ऱ्हाती व्हय?"

तो कसलेला नट. गडबडला नाही. खाली बसला, ओंजळ धरली. आत्यानं हंडा उतरवून पाणी ओतलं. तोंड पुसून तो म्हणाला, "आता सांगा." आणि आत्या म्हणाली, "मला कुठली वाट ठावं? मी ह्या गावची सून हाय. मला घरापास्नं घाटापातूर आन् घाटापास्नं घरापातूर, येवढीच वाट म्हाईत हाय."

यावर कॅमेऱ्यामागची सगळी माणसं हसली, दिग्दर्शक साहेबांनी तेच ठेवलं, आणि पुढं ते टीव्हीवर लागलं.

इथपर्यंतची गोष्ट आत्या हसत सांगायची. पुढची तिच्या सासूची. ती मी स्वतः ऐकलेली आहे, कारण कॉलेजची वर्षं मी त्याच घरात काढली.

आमचं गाव खटाव तालुक्यात, वडूजपासून आत. माझ्या आधी आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. मला बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा वडील म्हणाले, बास झालं. आत्या स्वतः गाडी धरून आली, आमच्या उंबऱ्यात बसली आणि भावाला म्हणाली, "पोरगी माझ्याकडं धाड. माझी लेक सासरी गेलीया, तिची जागा मोकळी हाय. न्हाई धाडलीस तर ह्या घरचं पानी पिनार न्हाई." वडिलांना बहिणीचा स्वभाव माहीत होता. मी वाईला कॉलेजात गेले, बी. ए. झाले, पुढं एम. ए. केलं, आज सांगलीत ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवते. हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. कष्टाचं आहे. आणि त्यातले निम्मे कष्ट आत्याचे आहेत.

तर सासू. तोंडानं तिखट, हातानं मायाळू अशी ती म्हातारी होती. मला कधी उपाशी कॉलेजला जाऊ दिलं नाही. पण टीव्हीचा विषय निघाला की तिचा पारा चढायचा. "आमच्या घराण्याची सून परक्या बाप्याला पानी पाजती, वर म्हनती मला घाटापातूरच वाट म्हाईत. म्हंजे आमी हिला दावणीला बांधली हुती व्हय? चार गावांत त्वांड दावायला जागा ठेवली न्हाई." आणि शेवटी दर वेळी एक वाक्य ठरलेलं असायचं: "मी तवा मळ्यात हुते, न्हाईतर तिथंच झिंज्या धरल्या आसत्या."

आत्या उत्तर द्यायची नाही. मला मात्र मागाहून डोळा मारायची.

ती म्हातारी जाऊनही आता काही वर्षं झाली.

मधे ती खाणावळीची मालिका मोबाइलवर आली. आत्याच्या मुलाची मुलगी, म्हणजे आत्याची नात, कॉलेजात आहे. तिनं तो आचाऱ्याचा भाग शोधून काढला आणि उत्साहाच्या भरात आधी स्वतः न बघताच सगळ्या गावाला सांगून टाकलं. एका दुपारी मंदिराच्या सभामंडपात बायकांचं भजन झाल्यावर तिनं मोठ्या टीव्हीला मोबाइल जोडला. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून पुढं बसली होती.

मालक एसटी स्टँडवर उतरतो. पिशवी सावरतो. आणि पुढच्याच क्षणी तो आचाऱ्याच्या दारात उभा. मधे ना घाट, ना धुणं, ना हंडा.

बायकांना वाटलं पुढं असेल. भाग संपत आला तरी काही दिसेना. तेव्हा शेजारीण म्हणाली, "थांबा गं, हिरॉईन आजून मेकपच करत आसंल." सगळा मंडप हसला. दुसरी म्हणाली, "मावशे, हंडा लय मोठा हुता का गं? त्याच्या मागंच झाकलीस जनू."

त्या बायका वाईट नव्हत्या. थट्टा त्या एकमेकींची रोजच करतात. पण ज्यांनी ते पूर्वी टीव्हीवर पाहिलं होतं त्यातल्या बऱ्याच गेल्या होत्या, आणि उरलेल्यांना मालिका आठवत होती, आत्या आठवत नव्हती. आत्या तेव्हापासून भजनाला जायची थांबली. नातीनं मला फोन केला, ती रडत होती. तिला वाटत होतं, आजीचं हसं तिच्यामुळं झालं.

मी आत्याला फोन लावला. म्हटलं, "आत्या, लोकांचं काय मनावर घेतीस? कापलं आसंल त्यांनी."

ती मग म्हणाली, "लोकांचं न्हाई गं. मलाच आता वाटाय लागलंय, मीच रचलं का काय."

"आसं कसं? तू सवता बगितलंस न्हवं?"

"मी कुठं बगितलं? भायेरच्या सोप्यात सगळं गाव बसल्यालं. सासरा, दीर, पावनं. मी आत भाकरी थापत हुते. टीव्हीतनं माझाच आवाज ऐकू आला, मग सगळी हसली, येवढंच. उठून बगाय जायाची छाती न्हाई झाली. आन् आता वाटतंय, त्यो आवाज तरी माझाच हुता का."

इतकी वर्षं ती गोष्ट ऐकताना हे मला कधी सुचलं नव्हतं की आत्यानं स्वतःला पाहिलेलंच नाही. मी म्हटलं, थांब, मी शोधते. इतिहास शिकवते मी. पुरावा नाही म्हणून घटना घडलीच नाही असं म्हणायला मी मुलांना परवानगी देत नाही, मग आत्याला कशी देणार?

पहिल्यांदा मी ती मालिका दाखवणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं, आमच्याकडं उपलब्ध आहे ती आवृत्ती हीच. मग आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांनी सांगितलं की गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत एक चाचा राहतात, पूर्वी त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती, जुन्या मालिकांचं वेड आहे, जाऊन बघा.

गेले. खाली हळदीच्या पोत्यांचं गोदाम, वर लाकडी जिना, आणि जिना संपला की भिंतभर कॅसेट. चाचा सत्तरीचे, पांढरी दाढी, नाकावर चष्मा, हातात स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी मला नाव विचारायच्या आधी पायातले सँडल काढायला सांगितले आणि मग म्हणाले, "बसा मॅडम. चहा घेणार ना? घ्यायलाच लागतोय. इथं येऊन चहा न पिलेला मानूस माझ्या लायब्ररीत मेंबर होत न्हाई."

"लायब्ररी अजून चालू आहे?"

"मेंबर येक बी न्हाई. लायब्ररी चालू हाय."

महापुरात त्यांच्या खोलीला पाणी लागलं होतं. भांडीकुंडी, गाद्या, मुलीच्या लग्नाचं कपाट, सगळं सोडून त्यांनी आधी कॅसेट शेजारच्या तिसऱ्या मजल्यावर चढवल्या. चाची आतून म्हणाल्या, "माझं शिलाई मशीन पान्यात गेलं. ह्यांच्या कॅसेटी कोरड्या." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, पण चहा आणताना त्यांनी एक कॅसेट खुर्चीवरून ज्या हातानं उचलून बाजूला ठेवली, त्यावरून मला कळलं की कॅसेट वर चढवायला त्याही होत्या.

चाचांनी मला त्या दिवशी जे दाखवलं ते मी विसरणार नाही. त्यांनी दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवले आणि खाणावळीच्याच मालिकेचा एकच भाग दोन्हीवर लावला. डावीकडं पहिल्यांदा लागला तेव्हाचा, उजवीकडं पुढं परत दाखवला तेव्हाचा. थोडा वेळ दोन्ही बरोबर चालले. मग डावीकडं मालकीण आमटीत पाणी ओतता ओतता जेवणाऱ्यांची डोकी मोजते, आणि नवरा आणखी एक पाहुणा घेऊन येतो तेव्हा न बोलता अजून एक तांब्या ओतते. उजवीकडं ते नाहीच. तिथं आमटी थेट ताटात. दुसऱ्या एका भागाचा शेवटच वेगळा होता. आधीच्यात मालक हरतो, नंतरच्यात त्याच्या हरण्याआधीच नावं वर सरकायला लागतात.

"असं का करतात चाचा?"

"जाहिराती वाढल्या, जागा कुठनं आणनार? मग कापायला बसतात. आता कापनाऱ्याला बी काळीज असतंय मॅडम, तो गोष्ट मोडत न्हाई. जे काढलं तरी गोष्ट चालती, ते काढतोय. पन हसायची चीज तिथंच असती ना. आमटीतलं पानी काढलं तर गोष्टीला काय फरक पडला? काय न्हाई. मजा गेली."

सरकारी गोदामांत, मोठ्या संस्थांत या मालिकांच्या मूळ फिती असतील किंवा नसतील; त्यांच्यावर नवं काही भरून त्या पुन्हा वापरल्याही असतील. चाचांचं म्हणणं, पहिल्यांदा लागलेली मालिका खरी जिवंत राहिली ती लोकांच्या घरात, ज्यांनी हौसेनं भरून ठेवली त्यांच्याकडं. आणि हा माणूस तासगाव, मिरज, जत करत, लोकांच्या माळ्यावरून कॅसेट उतरवून आणत राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. मला स्वतःबद्दल बराच अभिमान आहे, पण त्या खोलीत बसल्यावर वाटलं, अभिमान वाटावा असं काम हे.

मी आचाऱ्याच्या भागाबद्दल विचारलं. चाचा एकदम ताठ झाले. "पहिल्या वेळेचा? आहे. माझ्या हातानं भरलाय. तुमच्या आत्याबाईंना आत्ताच्या आत्ता फोन लावा."

नशीब, मी लावला नाही. मालक स्टँडवर उतरला. पिशवी सावरली. आणि पडद्यावर मुंग्या आल्या. मुंग्या संपल्या तेव्हा मालक आचाऱ्याच्या दारात.

चाचांनी चष्मा काढला. "लाइट गेलती," ते म्हणाले. "या अल्ला. त्याच टायमाला लाइट गेलती."

आतून चाची म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता फोन लावा म्हणं!" चाचा त्यांच्याकडं न बघता भिंतीकडं बघत राहिले. मग वळून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या आत्याच्या घरात व्हीसीआर होता का? मिलिटरीतलं कोन होतं?"

होतं की. आत्याचा दीर. सुट्टीवर येताना त्यानं टीव्ही आणला, मागाहून व्हीसीआर.

"मग त्यानं भरला असनार. घरची सून टीव्हीवर, आन् भरनार न्हाई? आत्याला विचारा कॅसेट कुठं गेली. आन् न्हाई म्हनल्या तर घरातलं लग्न विचारा. माझ्याकडचा निम्मा माल लग्नाच्या कॅसेटीच्या शेपटाला मिळालाय. शूटिंगवाला म्हनायचा कॅसेट आना, घरातले जुनी द्यायचे. लग्न भरून झालं की उरलेल्या फितीवर आधीचं तसंच असतंय. कोन बघतंय तिथपर्यंत?"

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. आत्याला विचारलं, दीरांनी भरून ठेवलं होतं का. मग ती हळू आवाजात बोलायला लागली, जणू शेजारी कुणी ऐकत होतं.

"भरल्यालं हुतं. भावजींनीच. पर सासूच्या धाकानं मी ती कधी लावलीच न्हाई. लेकीच्या लग्नात शूटिंगवाला म्हनला, कॅसेट द्या. बाजार बंद. भावजी बँडवाल्यास्नी आणाय गेल्यालं. कपाटात सात-आठ एकसारख्या. नावं सगळी इंग्लिशमधी, मला कुठलं वाचाय येतंय. वरची हाताला लागली ती दिली. मागनं भावजी कपाळाला हात लावून बसलं. मीच त्यास्नी म्हनलं, कुनाला सांगू नगा. लेकीला कळलं तर तिला वाटंल, तिच्या लग्नानं आईचं पुसलं. आसं पोरीला वाटू द्यायाचं आसतं व्हय?"

मी चाचांकडं पाहिलं. ते बोटानं हवेत कॅसेट फिरवून दाखवत होते. कुठं आहे, कुठं आहे?

कॅसेट लेकीबरोबर सासरी गेली होती. कवठे महांकाळला.

रविवारी मी एसटीनं गेले. आतेबहिणीचं घर गावाबाहेर, रानात. द्राक्षाची बाग, बाकी सगळा माळ. तिनं कॅसेट लोखंडी पेटीतून काढली. शालूच्या घडीत होती. मी सगळं सांगितलं, आत्यानं लपवलेलंही. लपवून आता उपयोग नव्हता. ती ऐकत राहिली, आणि मग कॅसेट मला द्यायच्या ऐवजी तिनं परत मांडीवर घेतली.

"ह्यात दादा हायत," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील, आत्याचा नवरा. "चालते-बोलते दादा ह्याच्यात तेवढे हायत. फोटो हाय, पर फोटोत माणूस रडत न्हाई."

त्या कॅसेटचा शेवट मला माहीत होता. लग्न मी पाहिलं होतं आणि कॅसेटही पाहिली होती. पाठवणीला जीप निघते, आत्याचा नवरा जीपच्या मागून दोन पावलं चालतो आणि मग फेटा तोंडावर धरून ढसाढसा रडतो. त्या घरात कॅसेट कुणीही लावू दे, या जागेला आत्या उठायची आणि बटण दाबायची. "बास. म्होरं काय न्हाई." ही रीतच पडली होती. लेकीनं सासरी तीच चालवली. दादा रडले की बंद. त्यामुळं त्या फितीचा पुढचा भाग लग्नानंतर कुणीच पाहिला नव्हता.

"चाचा म्हणतात, फीत जुनी आहे, तुटूही शकते," मी खरं ते सांगितलं. "पण ते पहिल्यापासून सगळी कॉम्प्युटरवर उतरवून घेतील. दादाही राहतील."

"आन् तुटली तर?"

तिनं डोळे पुसले, शालू परत पेटीत ठेवला, कॅसेट मात्र ठेवली नाही. म्हणाली, "तिनं माझ्यापायी येवढी वर्सं कुनाला सांगितलं न्हाई. मी येती. माझ्या हातानं देती."

ठरल्या दिवशी नात आत्याला घेऊन सांगलीला आली, आतेबहीण कवठ्याहून आली. मायलेकी चाचांच्या जिन्यावर भेटल्या. लेक म्हणाली, "आये, मला सांगायचं तरी." आत्या म्हणाली, "काय सांगू? जिना चढू दे आधी." एवढंच. पण वर आल्यावर दोघी एकाच सतरंजीवर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

चाचांनी कॅसेट उघडून भिंगातून पाहिली. फीत बोटाजवळ नेऊन, न लावता, उजेडात धरली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "कुठं ठेवलेली ही?"

"कवठ्याला. पेटीत."

"तरीच. सांगलीतल्या कॅसेटीला बुरशी, वाईच्या कॅसेटीला बुरशी. नदीकाठचं सगळं सडतंय. ही बघा, आत्ता आनल्यासारखी. दुष्काळी हवा!"

मी खटावची. दुष्काळानं आमच्याकडून काय काय नेलं याची यादी मी देऊ शकते. त्यानं काही राखून ठेवलेलं मी पहिल्यांदा बघत होते, आणि खरं सांगते, छाती भरून आली.

"तरी बी वय झालंय," चाचा म्हणाले. "सांध्याला तुटू शकती. बोला आत्याबाई, लावू?"

आत्यानं लेकीकडं पाहिलं. लेक म्हणाली, "लावा."

हळद लागली, मांडव दिसला, अक्षता पडल्या. मी परकर-पोलक्यात मधे मधे करताना दिसले, नात हसली. जेवणाच्या पंगती झाल्या. मग जीप आली. दादा दोन पावलं चालले, फेटा तोंडावर धरला. दोघीही रडत होत्या. आणि सवयीनं आत्या उठायला लागली. तिचा हात बटणाच्या दिशेनं गेलाच होता. लेकीनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

जीप धुरळ्यात गेली. पडद्यावर मुंग्या आल्या. खूप वेळ मुंग्याच. चाचा मशीनला कान लावून बसले होते, डॉक्टर छातीला लावतात तसा.

एकदम, मधूनच, खाणावळ. आमटी, ताटं, रिकामी चूल. आचारी पळालेला. मालक पिशवी भरतो, स्टँडवर उतरतो, पिशवी सावरतो.

आणि घाट.

चार बायका धुणं आपटत होत्या. मधोमध हंडा घेऊन एक सडसडीत बाई, कपाळावर आडवं कुंकू, नजर धीट. मी आत्याला कधी एवढी तरुण पाहिली नव्हती. मालक आला. वाट विचारली. "आवं, आधी पानी प्या, मग वाट इचारा." शब्दन् शब्द तोच. आवाजही तिचाच. आजही ती मला फोनवर "जेवलीस का" असं विचारते तो. मालकानं ओंजळ धरली, पाणी प्यायला, "आता सांगा."

"मला कुठली वाट ठावं? मी ह्या गावची सून हाय..."

नातीनं टाळ्या वाजवल्या. चाचा "वा! वा!" म्हणाले. त्या कसलेल्या नटापुढं, एका कागदावर न लिहिलेलं वाक्य, वेळेवर, अचूक. मी तर म्हणते त्या भागात तेवढंच खरं होतं. मी आत्याकडं पाहिलं. वाटलं, ती आता रडेल, नाहीतर म्हणेल, बघा, खोटं बोलत नव्हते.

ती स्वतःकडं बघतच नव्हती. ती सतरंजीवरून गुडघ्यावर पुढं सरकली आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"चाचा, मागं घ्या. जरा मागं घ्या."

चाचांनी कॉम्प्युटरवर उतरवलेलं मागं घेतलं. घाटाच्या वरच्या पायरीवर, धुण्याच्या बायकांच्या मागं, काखेत कोयता आणि डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन एक ठेंगणी बाई उभी होती. आत्याचं वाक्य संपलं, तशी तिनं पदर तोंडात कोंबला. तरी हसू मावेना. भारा डोक्यावर गदागदा हलत होता, वैरणीच्या काड्या पायरीवर पडत होत्या. शेवटी ती भाऱ्यासकट मटकन खाली बसली.

सासू.

आत्यानं ते परत लावायला लावलं. आणि परत. नात म्हणाली, "आजी, भजनाच्या बायकांना दाखवूया की. बघू दे त्यांना हिरॉईन."

"दावू की. हिलाबी दावू," आत्या म्हणाली. तिचं बोट अजून पडद्यावर होतं, त्या हलणाऱ्या भाऱ्यावर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, तशीच, पदर तोंडात कोंबून.

"मळ्यात हुती म्हनं!" ती म्हणाली. "मरस्तंवर मला म्हनली, मी मळ्यात हुते."